मागच्या अंगणातल्या अळ्यांबद्दल, मॅडिसनहून

मॅडिसन, विस्कॉन्सिन
७ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल आमचा गणपती बादलीत विसर्जन झाला, आज घर आवरलं आणि आता निवांत लिहायला बसले आहे. फोनवर हे सगळं सांगायला गेलं की आईच्या कुकरची शिट्टी होते, नाहीतर बाबा "ठेव आता, पैसे लागत असतील तुझे" म्हणून फोन ठेवून देतात. व्हॉट्सॲपला पैसे लागत नाहीत बाबा. पण असू दे, पत्रच बरं.

आई, तू परवा विचारलंस, "दादा म्हणतो तू अळ्या पाळून राहिली. लेकरू आहे घरात, अळ्या कशाला पाळतं कोणी?" तर आधी तुझा घोर घालवते. घरात अळी नाही. आहेत त्या मागच्या अंगणात, झाडांवर, आणि अंगाला खाज सुटते तसल्या केसाळ नाहीत. गुळगुळीत, काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या, पुढे दोन आणि मागे दोन काळ्या शेंड्या असलेल्या. त्यांचं पुढे मोनार्क नावाचं मोठं केशरी फुलपाखरू होतं. ह्या अळ्या मिल्कवीड सोडून दुसरं काहीही खात नाहीत. मिल्कवीड ही आपल्या रुईचीच बहीण म्हण. पान तोडलं की तसाच पांढरा चीक, शेंग उकलली की तशाच म्हाताऱ्या उडतात. म्हणून मी पाळते ते खरं तर झुडूप. अळ्या आपल्या आपण येतात.

झुडपंही फार लाडाची नाहीत. एक उंच, गुलाबी झुपक्यांचं, जे इथे शेतांच्या कडेनं कोणी न लावता उगवतं. एक ओलाव्यात राहणारं. आणि एक बुटकं केशरी फुलांचं, ज्याला चीक जवळजवळ नसतोच. बी मात्र थंडी खाल्ल्याशिवाय रुजत नाही. लोक ते ओल्या कागदात गुंडाळून महिनाभर फ्रिजमध्ये ठेवतात. माझ्या फ्रिजमध्ये इडलीच्या पिठालाच जागा पुरत नाही, म्हणून मी नोव्हेंबरात सरळ मातीत टाकते. पुढचं काम बर्फ करतो.

ह्या झाडाला इथे तणच समजतात. शेजारचे काका गवत इतकं नेमानं कापतात की त्यांच्या लॉनवर पाय ठेवायला मला भीती वाटते. आमच्या कुंपणाशी उभं असलेलं कमरेइतकं रान बघून पहिल्या वर्षी त्यांनी मशीन उसनी हवी का, असं फार अदबीनं विचारलं होतं. यंदा मात्र त्यांनीच मला एक गोष्ट सांगितली. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या तरंगत्या जाकिटांत भरायचा सावरीचा कापूस जावाहून यायचा. जपाननं जावा घेतलं आणि तो बंद पडला. मग १९४४ मध्ये इथल्या शाळेतल्या पोरांना मिल्कवीडच्या शेंगा गोळा करायला लावलं. दोन गोण्या शेंगांत एका जाकिटापुरत्या म्हाताऱ्या निघायच्या. काकांच्या वडिलांनी त्या वेचल्या होत्या म्हणे. तेव्हापासून मशीनचा विषय निघालेला नाही.

आता अळीचं सांगते, कारण चिनूनं व्हॉइस मेसेजमध्ये "आत्या, ती काय खाते, कशी खाते, शी कशी करते" असे सगळे प्रश्न विचारलेत. मादी पानाच्या खालच्या अंगाला एका जागी एकच अंडं घालते. टाचणीच्या डोक्याएवढं, सायीच्या रंगाचं, भिंगातून पाहिलं तर उभ्या रेघांचं. अशी ती जन्मभरात तीनशे ते पाचशे अंडी घालते. चारेक दिवसांत अळी निघते, आधी स्वतःच्या अंड्याचं टरफल खाते आणि मग पानाला लागते. पण पान खाणं सोपं नाही, कारण चीक. बाळअळीचं तोंड त्या चिकात चिकटलं की ती तिथेच मरते, आणि अशा कितीतरी मरतात. म्हणून ती आधी पानावर गोल चर पाडते आणि त्या गोलाच्या आतलं खाते. मोठी अळी आणखी हुशार. ती देठाजवळ बसून मधली शीर कुरतडते. चीक तिथूनच गळून जातो, पान मान टाकतं, आणि मग बाईसाहेब टोकाकडून निवांत जेवायला बसतात. एखादं पान मधूनच मोडून लोंबताना दिसलं की त्याच्याखाली बघायचं, मोठी अळी सापडतेच. दोन आठवड्यांत चार वेळा कात टाकते आणि तिचं वजन जन्मल्यापेक्षा दोन हजार पटीनं वाढतं. शी म्हणशील चिनू, तर हिरवे-काळे दाणे, आणि ढीगभर.

त्या चिकातलं विष अळी अंगात साठवून ठेवते. तेच पुढे फुलपाखरात उतरतं. इथल्या ब्लू जे नावाच्या निळ्या पक्ष्यानं एकदा मोनार्क खाल्लं की तो ओकतो आणि पुन्हा त्या रंगाच्या वाटेला जात नाही. ईराला माझी सक्त ताकीद आहे, झाडाला हात लावला की धुतल्याशिवाय डोळ्याकडे न्यायचा नाही. आई, रुईच्या चिकावरून तू आमच्यावर ओरडायचीस ते सगळं, शब्दही बदललेले नाहीत.

ईराच्या हट्टामुळे एक अळी मात्र मागच्या ओसरीत जाळीच्या पिंजऱ्यात ठेवली होती. रोज ताजी पानं द्यायची, खालचे दाणे झाडायचे, आणि अळी गप्प बसली असेल तर तिला बोट लावायचं नाही, कारण तेव्हा ती कात टाकत असते. खाऊन भरली की ती भटकते, जाळीच्या छतावर रेशमाची बारीक गादी विणते आणि डोकं वर वळवून उलटी लटकते. एवढ्यावर बरेच तास जातात. काळ्या शेंड्या मुरगळून लुळ्या पडल्या की समजायचं, आता वेळ झाली. ईरा आणि मी दोघी चहा-दुधाचे कप घेऊन बसलो होतो. मानेमागची कातडी उकलली आणि आतून ओला हिरवा गोळा दिसला. तो वळवळत राहिला तशी पट्ट्यांची कातडी वरवर गुंडाळत गेली, शेवटी शेपटाशी तिचा काळा चुरगळा उरला. मग त्या गोळ्यानं कातडीतून एक काळं टोक बाहेर काढलं, रेशमात रुतवलं, आणि इतके झटके दिले की चुरगळा खाली पडला. सगळं मिळून दोन-तीन मिनिटं. ते टोक चुकलं तर गोळा खाली पडून संपतो. ईराचं दूध गार झालं. पुढे तो गोळा आवळत आवळत गुळगुळीत हिरवा कोश झाला, वरच्या अंगाला काळी रेघ आणि तिला लागून सोन्याचे ठिपके. सोनेरी म्हणत नाही मी, सोन्याचेच वाटतात. ते कशासाठी असतात, हे ईरानं विचारलं आणि मी तिला "झोप आता" म्हटलं.

दहा-बारा दिवसांनी कोश काळा दिसू लागतो. खरं तर तो पारदर्शक झालेला असतो आणि आतले पंख दिसत असतात. फुलपाखरू बहुतेक सकाळीच निघतं, पोट फुगलेलं, पंख चुरगळलेले. पोटातलं पाणी पंखांत ढकलतं, वाळवतं, आणि दुपारपर्यंत उडतं. मागच्या पंखावर काळा ठिपका असेल तर नर. आमचा नर निघाला. ईरानं त्याचं नाव 'राणी' आधीच ठेवलं होतं, ते बदललेलं नाही.

ही झाली एकीची गोष्ट. बाहेर शंभर अंड्यांतून पाच-दहा फुलपाखरं झाली तरी पुष्कळ. मुंग्या, कोळी, गांधीलमाशा टपलेल्या असतात. एक माशी तर अळीच्या अंगावरच अंडी घालते, आणि मग कोशातून फुलपाखराच्या ऐवजी तिचीच पिल्लं पांढऱ्या दोऱ्यांनी खाली उतरतात. हे बघून इथले बरेच लोक हळहळतात, सगळी अंडी घरात आणतात, आणि डब्यांत शेकड्यांनी अळ्या वाढवतात. मला ते पटत नाही. भावना चांगली आहे, पण गर्दीत रोग पसरतो. ओई नावाचा एक परजीवी आहे. त्याची बारीक धूळ मादीच्या पोटावरून अंड्याला आणि पानाला लागते, अळी ती खाते, आणि फुलपाखरू कोशात अडकूनच मरतं किंवा वाकडे पंख घेऊन बाहेर पडतं. आणि दिशेचाही प्रश्न आहे. २०१९ मध्ये शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांना दिसलं की रानातल्या वंशाची मोनार्कसुद्धा घरात वाढवली तर दक्षिणेकडे तोंड करत नाहीत. पुढे दुसऱ्यांनी दाखवलं की बाहेर सोडल्यावर काही दिवसांनी त्यांना दिशा सापडते. म्हणजे वाद मिटलेला नाही, पण लेकराला दाखवायला एखादी जाळीत ठेवणं वेगळं आणि कोंबड्यांसारखा धंदा मांडणं वेगळं.

मग काळजी म्हणजे मी करते काय? फारसं काही नाही, आणि तेच अवघड जातं. फवारणी कसलीच करायची नाही. पिवळा मावा झाडावर चढतो (तोच गं, आपल्या रुईवर आणि कण्हेरीवर असतो तो), त्याला पाण्याच्या पाइपनं धुवून काढते, आणि आधी पानं उलटून अंडी आहेत का बघते. कडुनिंबाचं तेल, साबणाचं पाणी, काही नाही. माव्याबरोबर अळीही जाते. रोपं नर्सरीतून घेताना औषध मारलेलं आहे का, हे विचारूनच घ्यायचं. काही रोपांत विष मुळापासून पानापर्यंत भिनलेलं असतं, वरून धुऊन जात नाही. आणि फुलपाखरांसाठी शेवंतीच्या जातीतली उशिरा फुलणारी फुलं लावून ठेवायची, बस.

त्या उशिराच्या फुलांचं महत्त्व आत्ता, सप्टेंबरात. मे-जूनमध्ये इथे येणारी मोनार्क दोन ते सहा आठवडे जगतात, अंडी घालतात, मरतात. अशा दोन-तीन पिढ्या उन्हाळ्यात होतात. पण आत्ता निघालेली जी शेवटची पिढी आहे, ती अंडी घालतच नाही. दिवस लहान झाले, रात्री गार झाल्या, की ती नुसता मध पिऊन अंगावर चरबी धरते आणि दक्षिणेला निघते. ही आठ-नऊ महिने जगते. जवळपास तीन हजार किलोमीटरवर मेक्सिकोच्या मिचोआकान भागात, तीन हजार मीटर उंचीवर, ओयामेल नावाच्या सूचिपर्णी झाडांचं जंगल आहे. तिथे जाऊन झाडांना लगडून हिवाळा काढते. ह्यातलं एकही फुलपाखरू आधी तिथे गेलेलं नसतं. गेलं होतं ते त्याचं पणजोबा-खापरपणजोबा. सूर्यावरून दिशा धरतात, आणि सूर्य सरकतो त्याचा हिशेब ठेवणारं घड्याळ त्यांच्या मिशांत असतं, हे आता सिद्ध झालं आहे. एवढं मोठं ठिकाण, पण बाहेरच्या जगाला ते कळलं १९७५ मध्ये. गावातल्या लोकांना अर्थातच पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. नोव्हेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या तारखेला त्यांच्याकडे मेलेल्या माणसांचा सण असतो, नेमकी तेव्हाच ही फुलपाखरं पोचतात, आणि लोक म्हणतात, आपली माणसं आली. आजपासून तुमच्याकडे पितृपक्ष. आजीच्या पानाला कावळा शिवायला तासभर लागायचा आणि बाबा गच्चीवर ताटकळायचे. तिकडच्या लोकांना वाट बघायला लागत नाही म्हणायची.

बाबा, आता तुमच्या हिशेबात सांगते. फुलपाखरं मोजता येत नाहीत म्हणून ती जितक्या जंगलावर बसतात ते क्षेत्र मोजतात. १९९६-९७ च्या हिवाळ्यात ते साधारण ४५ एकर होतं. २०१३-१४ मध्ये पावणेदोन एकरांवर आलं. २०२३-२४ मध्ये सव्वादोन, आणि गेल्या हिवाळ्यात सुमारे साडेचार एकर. म्हणजे रॉकी पर्वताच्या पूर्वेकडची जवळपास सगळी मोनार्क आपल्या काटोलच्या संत्र्याच्या बागेत मावली असती, आणि विहिरीकडचा तुकडा मोकळा राहिला असता.

कारण काय, तर तिकडे जंगलतोड आहेच, हवामानही आहे, पण मोठा घाव इथल्या मका-सोयाबीनच्या पट्ट्यात बसला. १९९६ पासून तणनाशकाला दाद न देणारं सोयाबीन आलं, मागून मका. मग अख्ख्या वावरावर फवारा मारायचा, पीक उभं राहतं, बाकी सगळं जळतं. पूर्वी सऱ्यांमध्ये दोन-चार मिल्कवीड उभी असायची ती गेली. आपल्याकडे धुऱ्यावरची रुई, टाकळा, आघाडा कसा गेला हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय. अळी मारणारं विष स्वतःच तयार करणाऱ्या बीटी पिकाचंही एक प्रकरण झालं होतं. १९९९ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या प्रयोगात बीटी मक्याचे पराग लावलेली पानं खाऊन मोनार्कच्या अळ्या मेल्या आणि मोठा गहजब झाला. पण २००१ मध्ये प्रत्यक्ष शेतांतला अभ्यास आला, त्यात तो धोका अगदी कमी निघाला. चोर दुसराच होता, पण ओरड बीटीचीच झाली.

आणि तुम्ही मनात हसत असाल की मी आयुष्यभर नवतीवरच्या अळ्या वेचल्या आणि पोरगी अळ्यांचे पाय धुते. संत्र्यावरची ती अळी मला चांगली आठवते, लहानपणी पाखराच्या विष्ठेसारखी दिसणारी, मोठी झाली की हिरवी, आणि डिवचली की डोक्यातून नारिंगी शिंग काढून वास सोडणारी. ती सोडून द्या असं मी म्हणणार नाही. दोन वर्षांच्या कलमाची पालवी तिनं खाल्ली तर कलम उभंच राहत नाही. पण रुई कोणाचं पीक आहे, सांगा?

हो, मी रुईवरच येते आहे. वहिनीनं फोटो पाठवला, गेटपासून मागपर्यंत सिमेंटचे गट्टू बसवायचे ठरलेत आणि कंपाउंडच्या भिंतीला लागून असलेली रुई काढायची म्हणे, दुसऱ्या गाडीसाठी. दादाचं म्हणणं मला समजतं. त्रिमूर्तीनगरात रस्त्यावर गाडी ठेवायला जागा उरलेली नाही, आणि रुईचा चीक चिनूच्या डोळ्यात जाईल ही वहिनीची भीतीही खोटी नाही. पण आई, तू दर शनिवारी देवळाबाहेरून मारुतीला रुईची माळ विकत घेतेस आणि दारची रुई काढून टाकायला 'हो' म्हणतेस, हे कसं काय? यंदा एकवीस पत्रींत अर्कपत्राच्या जागी मी मिल्कवीडचं पान वाहिलं, तेही अंडं नाही ना हे भिंगानं बघून. गणपतीनं चालवून घेतलं असावं.

त्या रुईवर मोनार्कची सख्खी चुलत बहीण राहते. आपल्याकडे बाराही महिने दिसणारं केशरी फुलपाखरू, काळी किनार आणि पंखांच्या टोकांवर पांढरे ठिपके. मेक्सिकोला वगैरे जात नाही, तिला आपलं नागपूरचं ऊनही चालतं. चिनू, तुझं काम आता ऐक. हात न लावता, आजीला घेऊन, पानांच्या खालच्या बाजू बघायच्या. अळी सापडली तर शेंड्या मोज. माझ्याकडच्या अळीला दोन जोड्या असतात, तुझ्या अळीला तीन असतील. कोश हिरवा असेल, कधी गुलाबीही असतो, आणि झाडावर नाही सापडला तर भिंतीवर शोध. निळा-पिवळा रंगीत नाकतोडा दिसेल, तो पण रुईच खातो. फुलांवर मोठे काळे भुंगे येतात, त्यांना घाबरायचं नाही. आणि तुझ्या आजीच्या कुंडीत लाल-पिवळं हळदीकुंकू आहे ना, त्याचीही पानं बघ. ते मूळचं मेक्सिको-दक्षिण अमेरिकेकडचं. इथे दक्षिणेकडे ते थंडीतही मरत नाही, म्हणून त्याच्यावर तो ओई साठत जातो आणि लोकांना ते हिवाळ्यात छाटायला सांगतात. तूही आजीला सांगून वर्षातून एकदा बुडाशी छाटून घे, नवीन पानं येतील.

दादासाठी माझा प्रस्ताव असा. गट्टू बसव, पण भिंतीकडून दोन फूट माती सोड. पावसाचं पाणी जिरायलाही तेवढी जागा लागतेच, नाहीतर ते गेटमधून पोर्चमध्ये येईल. गेटजवळची रुई काढायची तर काढ, मागच्या कोपऱ्यातली राहू दे, तिकडे चिनू एकटा जात नाही. फांद्या गाडीला घासत असतील तर गुडघ्याइतकी छाटली तरी ती परत फुटते, फक्त छाटण्याआधी चिनूला पानं तपासायला लाव. पाणी घालायला नको, खत नको, मे महिन्यात कूलरचं पाणी पुरत नाही तेव्हासुद्धा ती हिरवी असते. गट्टूवाला सोडलेली पट्टी पाहून कुरकुर करेल, त्याचे पैसे चौरस फुटावर असतात.

बाबांचा शुगरचा रिपोर्ट आला की फोटो पाठवा, "नॉर्मल आहे" असं नुसतं लिहू नका. दिवाळीनंतर इथलं एक कुटुंब धरमपेठेहून परत येणार आहे, त्यांच्याबरोबर सावजी मसाला आणि थोडा चिवडा द्या, जास्त नको. पत्र आधी वहिनीला वाचायला द्या, मग दादाला.

तुमची,
छकुली